तीन गावांच्या शिवेवरचे शेत

जमिनीच्या मोजणीच्या वेळी तलाठी आणि भूकरमापक यांच्या पाठोपाठ बांधाबांधाने हिंडण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस हे सांगावयास नको की, दोन गावांच्या शिवेवरचे शेत हे तंट्याचे शेत असते. आणि तीन गावांच्या शिवा जेथे एकत्र येतात तेथल्या शेताचा तर तंटादेखील होत नाही, कारण पहिल्या गावचे दप्तर म्हणते ते दुसऱ्याचे, दुसऱ्याचे म्हणते ते तिसऱ्याचे, आणि तिसऱ्या गावच्या तलाठ्यास ते कोठे आहे याचाच पत्ता नसतो. पीक मात्र तेथेही येते. कित्येकदा तिन्ही गावांच्या पिकांहून सरस येते. फक्त त्याची पाहणी होत नाही, त्याचा सारा वसूल होत नाही आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढत नाही. ज्ञानाच्या मुलखातही अशी शेते असतात. विद्युत्‌शक्तीस अर्धसंवाहकांच्या साहाय्याने हवे ते रूप देण्याचे जे शास्त्र आज पॉवर इलेक्ट्रॉनिक्स या नावाने ओळखले जाते, ते गेल्या शतकाच्या सत्तरीपर्यंत असेच एक बिननोंदीचे शेत होते. त्याची हद्द आखून नकाशा काढून देणाऱ्या विल्यम न्यूएल नामक अमेरिकन अभियंत्याच्या स्मरणार्थ १९७७ पासून एक पुरस्कार दिला जातो. त्या पुरस्काराच्या निमित्ताने हा या शास्त्राचा थोडा परिचय.

न्यूएल हे पिट्सबर्ग येथील वेस्टिंगहाऊस कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत. या विषयातील जाणकारांची एक परिषद आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या विद्यमाने १९७० पासून भरू लागली होती. परंतु मूल जन्मास येऊन रांगू लागले तरी पाळण्यापाशी आत्यांचे एकमत होऊ नये, तशी त्या परिषदेची अवस्था होती. आरंभी तिचे नाव ‘शक्ती-अनुकूलन’ असे होते. १९७२ साली ते बदलून ‘शक्ती-संस्करण आणि इलेक्ट्रॉनिकी’ असे लांबलचक केले गेले. आणि १९७३ साली ‘शक्ती-इलेक्ट्रॉनिकी’ हे सुटसुटीत नाव कायम झाले. ज्या मंडळींस आपल्या विद्येस काय म्हणावे हे ठरविण्यास तीन प्रयत्न करावे लागले, त्यांची विद्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात कोणत्या सदरात बसली असेल याची कल्पना वाचकांनी करावी. ती बहुधा कोणत्याच सदरात बसत नसे. १९७३ च्या त्या परिषदेत न्यूएल यांनी बीजभाषण केले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी ते संस्थेच्या नियतकालिकात अवघ्या पाच पृष्ठांचा लेख म्हणून छापले गेले. त्या लेखाच्या मथळ्यातील मुख्य शब्द ख्रिस्ती कल्पनेतील अशा स्थानाचा वाचक आहे, की जेथे गेलेल्या जीवास ना स्वर्ग लाभतो ना नरक भोगावा लागतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर मथळ्याचा आशय असा की, शक्ती-इलेक्ट्रॉनिकी ही त्रिशंकू अवस्थेतून बाहेर पडत आहे.

या लेखात एक आकृती आहे. तिच्याइतकी वेळोवेळी उद्धृत झालेली आकृती या शास्त्रात दुसरी नसेल. कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे, पहिल्या प्रकरणात ती कोणत्या ना कोणत्या वेषात भेटतेच. आकृती म्हणजे एक साधा त्रिकोण. त्याच्या तीन कोनांशी विद्युत् अभियांत्रिकीची तीन वतनदार घराणी बसविलेली आहेत : एका कोनाशी इलेक्ट्रॉनिकी, म्हणजे अर्धसंवाहक प्रयुक्ती आणि मंडले, दुसऱ्याशी शक्ती, म्हणजे जनित्रे, मोटारी, रोहित्रे अशी फिरती आणि स्थिर यंत्रसामग्री, आणि तिसऱ्याशी नियंत्रण. मधल्या मोकळ्या जागेत शक्ती-इलेक्ट्रॉनिकी. न्यूएल यांचे प्रतिपादन असे की, ही विद्या तिघांपैकी कोणाचीही पोटशाखा नसून तिघांच्या मधल्या फटीतली आहे, आणि तिघांशी तिचे दळणवळण असल्यावाचून ती जगणार नाही. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी उभारावयास घेतली होती. न्यूएल यांनी तसला अट्टाहास केला नाही, पृथ्वीवरच त्याची हद्द आखून दिली. पाच पृष्ठांच्या लेखास याहून अधिक काही साधावे अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

आता ही जमीन बिननोंदीची राहिली कशी, हे समजून घेण्यास थोडे मागे जावे लागते. आणि योगायोग असा की त्या मागच्या कथेतही पिट्सबर्ग आणि वेस्टिंगहाऊस आहेतच. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील आपले वीजघर सुरू केले ते एकदिश प्रवाहाचे, ज्यास आपण सरसकट डीसी म्हणतो. या प्रवाहाचे दैन्य हे की, त्याचा दाब वाढविण्याची किंवा उतरविण्याची सोपी युक्ती त्या काळी नव्हती. घरातील दिव्यास जो दाब चालतो त्याच दाबाने वीज दूर न्यावयाची म्हटले तर तारांतच तिची माती होते. यामुळे वीजघरापासून मैल-दीड मैलापलीकडे एडिसनची सत्ता चालत नसे. उलट, दिशा क्षणोक्षणी बदलणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहास, म्हणजे एसीस, रोहित्राचे वरदान होते. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची दोन वेटोळी, हालचाल काही नाही, आणि दाब हवा तसा चढविता-उतरविता येतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८८६ साली कंपनी काढली ती याच रोहित्राच्या भरवशावर, आणि नायगाराच्या धबधब्याची वीज १८९६ च्या नोव्हेंबरात बफलो शहरी पोहोचली तेव्हा या तंट्याचा निकाल जवळजवळ लागलाच.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, हरलेल्या पक्षाने मुलूख पुरता सोडला नव्हता. मुलामा चढविण्याचे काम, विद्युत्‌घट भारणे, ट्रामगाड्या, उद्वाहक, पोलादी पत्र्यांच्या गिरण्या, या सर्वांस एकदिश प्रवाहच हवा असे. तेव्हा एसीवर चालणारी मोटार आणि तिच्या आसास जोडलेले डीसीचे जनित्र अशी जोडगोळी ठेवावी लागे, आणि हत्तीस पोसावे तसे तिचे तेलपाणी करावे लागे. १९०२ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या ठिणगीवर चालणारा एकदिशकारक शोधून काढला. काचेचा पोटमोठा फुगा, बुडाशी पारा, बाजूंनी अष्टपाद प्राण्यासारखे फुटलेले हात आणि आत जांभळट निळ्या उजेडाचा नाचता ठिपका. असले यंत्र ज्यांनी चालू स्थितीत पाहिले आहे ते त्याच्याविषयी आजही मंत्रतंत्राच्या भाषेत बोलतात. हलणारा भाग एकही नाही, आणि तरी एसीचे डीसी होते! पुढे स्वीडनच्या ऊनो लाम यांनी पाऱ्याच्या या झडपा इतक्या दाबास टिकतील अशा केल्या की, १९५४ साली स्वीडनच्या किनाऱ्यापासून गॉटलंड बेटापर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची समुद्रतळाची केबल टाकून १०० किलोव्होल्ट दाबाने २० मेगावॉट शक्ती एकदिश प्रवाहाच्या रूपात नेली गेली. एडिसनचा हरलेला प्रवाह वाढीव दाबाने परत आला होता. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सिलिकॉनचा नियंत्रित एकदिशकारक, म्हणजे पुढे थायरिस्टर या नावाने प्रसिद्धीस आलेली प्रयुक्ती तयार केली आणि पाऱ्याचे दिवस भरले. १९७२ मध्ये कॅनडातील ईल रिव्हर येथे ३२० मेगावॉटचे केंद्र संपूर्ण थायरिस्टरांवर उभे राहिले.

म्हणजे न्यूएल बोलावयास उभे राहिले तेव्हा पीक शेतात डोलत होते. पण ते कोणाचे? शक्तीवाल्या जुन्या अभियंत्यांस बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनवर मेगावॉटांचा कारभार सोपविणे हा पोरखेळ वाटे. इलेक्ट्रॉनिकीवाले रेडिओच्या मिलिवॉटांत वाढलेले. ज्या मंडलास पंखा लावून थंड ठेवावे लागते ते त्यांच्या दृष्टीने लोहारकाम. आणि नियंत्रणवाले आपल्या कागदावर एक चौकोन काढून त्यात एक अक्षर लिहीत, त्या चौकोनातून बाणाने बाहेर पडत आणि आत काय जळते आहे याची चौकशी करीत नसत. मला स्वतःला या तिघांत शेवटल्यांचा राग अधिक येतो. पण तो विषय येथे नको.

या विद्येचे मर्म एका वाक्यात सांगता येते, आणि ते असे की वीज कधी अर्धवट अडवू नये. जुन्या घरांतून पंख्याचा जो डबीवजा रेग्युलेटर भिंतीवर असे, त्यास हात लावला तर तो कोमट, कधी चटका बसण्याइतका गरम लागे. त्याच्या आत रोधक तारेची वेटोळी असत. पंखा हळू करणे म्हणजे विजेच्या वाटेत ही वेटोळी आडवी घालणे, आणि पंख्यास नको असलेली वीज तेथे उष्णतेच्या रूपाने जाळून टाकणे. वारा कमी मिळे, बिल त्या मानाने कमी होत नसे. १२ व्होल्टच्या विद्युत्‌घटावर ५ व्होल्टचे एखादे उपकरण या पद्धतीने चालवावयाचे म्हटले आणि त्यास एक अँपिअर प्रवाह हवा असला, तर घटाने दिलेल्या १२ वॉटांतील ५ कामी येतात आणि ७ वाटेत जळतात. खिशातल्या उपकरणाच्या बाबतीत हे नुकसान सोसता येईल. गिरणीच्या मोटारीच्या बाबतीत ते दिवाळे होय.

याला जी तोड निघाली ती समजण्यास, ज्यांनी रात्रीच्या पाळीस उसाला दारे धरली आहेत, त्यांना काहीच अवघड नाही. पाटाचे पाणी वाफ्यात घेताना कोणीही दाराच्या तोंडात अर्धा दगड ठेवून पाणी कुचंबवीत बसत नाही. दार फोडले की पुरते फोडावयाचे, बंद केले की चिखलाचा पेंड घालून पुरते बंद करावयाचे; वाफ्यास किती पाणी मिळाले हे दार किती वेळ उघडे होते यावर ठरते. अर्धसंवाहकाची खिटी हेच करते. ती पुरती उघडी असते तेव्हा तिच्यातून प्रवाह जातो पण तिच्या दोन टोकांत दाबाचा फरक जवळजवळ नसतो; पुरती बंद असते तेव्हा दाब असतो पण प्रवाह नसतो; आणि वाया जाणारी शक्ती ही दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार असल्यामुळे दोन्ही अवस्थांत ती शून्याच्या आसपास राहते. वरच्या उदाहरणात खिटी बारापैकी पाच हिस्से वेळ उघडी ठेवली म्हणजे सरासरीने ५ व्होल्टच मिळतात, आणि कोणाचे काही जळत नाही. अर्थात पाणी असे हिसक्याहिसक्याने आलेले उपकरणास चालत नाही, म्हणून मध्ये एक हौद लागतो; ते काम धारित्र आणि तारेचे वेटोळे करतात. दारे धरणारा मनुष्य रात्रीतून वीस-पंचवीस वेळा दार फोडील. ही खिटी सेकंदास हजारो, कधी लाखो वेळा तेच करते, आणि कोणत्या क्षणी फोडावे याचा हिशेब नियंत्रणाच्या शास्त्राने द्यावयाचा असतो. त्रिकोणाचे तिन्ही कोन असे एका दारापाशी येऊन मिळतात.

गेल्या पावसाळ्यात विजा चमकत असताना आमच्या घरचा एक मोबाइलचा चार्जर मेला. टाकून देण्यापूर्वी त्याची शिवण सुरीने उसवून मी तो आत पाहिला, आणि वाचकांनीही एखादा मेलेला चार्जर, मात्र भिंतीपासून काढल्यावर बराच वेळ जाऊ देऊन, अवश्य उघडून पाहावा. भिंतीकडच्या बाजूस चार बारक्या डायोडांची चौकडी होती. २३० व्होल्टच्या एसीस एकदिश करणे हे तिचे काम. तिच्याशेजारी करंगळीच्या पेराएवढे नळकांडे, म्हणजे धारित्र, ज्यात सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी साठतो. आमच्या चार्जरात त्याचेच डोके फुगून फाटले होते. मग एक काळी खिटी, आणि तिला हुकूम सोडणारी आठ पायांची चीप. मधोमध पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले, सुपारीएवढे रोहित्र. त्याच्या पलीकडे मोबाइलच्या बाजूचे ५ व्होल्टचे राज्य. आणि या दोन राज्यांमध्ये सीमेवर उभा असलेला एक चौकोनी जासूद, जो पलीकडचा दाब वाढला की कमी झाला याची वार्ता अलीकडच्या चीपला प्रकाशाच्या झरोक्यातून पोहोचवितो, जेणेकरून दोन्ही बाजूंचा तारेने संबंध येऊ नये. हाताच्या मुठीत मावणाऱ्या त्या डबीत एसीचे डीसी, डीसीचे सेकंदास काही दहा हजार वेळा हेलकावणारे एसी, आणि त्याचे पुन्हा डीसी अशी तीन रूपांतरे होतात. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सुपारीएवढ्या रोहित्रासाठी. जुन्या काळचे रेडिओचे अडॅप्टर आठवावे : विटेच्या तुकड्यासारखे जड, भिंतीतून आपल्याच भाराने निखळणारे. ते सेकंदास ५० आवर्तनांवर चालत, आणि प्रत्येक आवर्तनात पुष्कळ ऊर्जा वाहून न्यावी लागत असल्यामुळे त्यांना लोखंड पुष्कळ लागे. खेपा हजारपट वाढविल्या की प्रत्येक खेपेचे ओझे त्या प्रमाणात घटते, आणि गाडा जाऊन टोपली पुरते.

परंतु दार उघडता-मिटताना मधला जो अल्प क्षण असतो, त्यात दाबही असतो आणि प्रवाहही. आणि उघड्या दारातही थोडा अडथळा उरतोच. या दोन खर्चांची उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढणे हा या धंद्यातील रोजचा झगडा आहे, आणि न्यूएल यांचे सत्तरच्या दशकातील काम मुख्यत्वे याच उष्णतेविषयी आहे. त्यांच्या निबंधांचे मथळेसुद्धा गमतीचे असत. प्रयुक्तीतील नासाडी प्रवाहाच्या कितव्या घाताप्रमाणे वाढते याविषयीच्या निबंधात त्यांनी त्या घातांकाची जादू असा शब्दप्रयोग केला; आणि क्षणिक उष्णतेच्या गणितावरील निबंधास, ज्या प्रक्रियेची सर्वांना धास्ती वाटते ती सोपी करून देतो, अशा अर्थाचे उपशीर्षक जोडले. या उपशीर्षकात मला एका चांगल्या मास्तरांचा चेहरा दिसतो. अभियंते निबंध लिहितात ते बहुधा आपले कठीण काम अधिक कठीण दिसावे म्हणून. हा मनुष्य उलट्या दिशेने चालला होता.

आणि हाच मनुष्य त्यापूर्वी एका वेगळ्याच, अतिसूक्ष्म वस्तूंच्या जगात वावरला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. १९६५ साली न्यूएल यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, ज्यातील कल्पना अशी : स्फटिकाची कंप पावणारी पातळ चकती हवेत टांगून ठेवण्याऐवजी सरळ पायावर चिकटवावी, आणि मध्ये वेगवेगळ्या पदार्थांचे थर असे आळीपाळीने रचावेत की ध्वनीची लहर त्यांवर आदळून परत फिरावी. चिकटवूनही चकती जणू अधांतरी राहते आणि आपला सूर शुद्ध धरते. पुढे १९६७ साली त्यांनी वेस्टिंगहाऊसमधील हार्वे नेथन्सन आणि इतर दोघा सहकाऱ्यांसह एक असा ट्रान्झिस्टर वर्णिला, की ज्याच्या माथ्यावर सोन्याची एक सूक्ष्म पट्टी सूरकाट्यासारखी थरथरते. सिलिकॉनवर हलणारी यंत्रे घडविण्याच्या विद्येचा इतिहास सांगणारे लोक त्या ट्रान्झिस्टरापासूनच आरंभ करतात. त्या वेळी या दोन्ही गोष्टी बाजारात खपल्या नाहीत. थरांवर चिकटविलेल्या चकतीची कल्पना मात्र तीन-साडेतीन दशकांनी जागी झाली. आज मोबाइलच्या रेडिओभागात नको असलेल्या कंप्रता गाळून टाकणाऱ्या ज्या चाळण्या असतात, त्यांतील एक मोठी जात याच रचनेची आहे. शिवेवरच्या शेतांची या गृहस्थास सवयच होती म्हणावयाची.

त्यांच्या नावाचा पुरस्कार आरंभी या विषयाच्या परिषदेतील मंडळींनी सुरू केला; पुढे या विषयाची स्वतंत्र सोसायटी झाली आणि तिचा तो सर्वोच्च बहुमान ठरला; आणि २००५ साली आयईईईच्या मध्यवर्ती मंडळाने त्यास सबंध संस्थेच्या पुरस्कारांत स्थान दिले. कांस्यपदक, प्रशस्तिपत्र आणि काही मानधन असे त्याचे स्वरूप. इनाम म्हणून रक्कम डोळ्यांत भरणारी नव्हे. पण विजेत्यांची नावे त्या त्रिकोणावर मांडून पाहिली, तर कोणीही ठरवून न करता प्रत्येक कोनास आपला वाटा मिळाल्याचे दिसते.

कॅलिफोर्नियाच्या कॅल्टेक संस्थेतील आर. डी. मिडलब्रूक यांना हा मान १९८२ मध्ये मिळाला. त्यांचे काम नियंत्रणाच्या कोनातील. सेकंदास हजारो वेळा उघडमीट करणारे मंडल गणिताच्या दृष्टीने मोठे बेशिस्त असते. उघडे असताना त्याची समीकरणे एक, मिटल्यावर दुसरी. मिडलब्रूक आणि त्यांचे शिष्य स्लोबोदान चूक यांनी १९७६ साली दाखविले की, दोन्ही अवस्थांची समीकरणे त्यांच्या-त्यांच्या वेळेच्या प्रमाणात एकत्र करून सरासरी घेतली, तर या बेशिस्त मंडलाचे एक शांत, सरळ चित्र हाती येते, आणि मग नियंत्रणशास्त्राची सर्व जुनी अवजारे त्यावर चालतात. नियंत्रणवाल्यांचा तो चौकोन असा आतून भरला गेला. १९९० चे मानकरी विस्कॉन्सिनचे टॉमस लिपो हे मोटारींचे पंडित, म्हणजे शक्तीच्या कोनाचे. त्याच बाजूचे बिमल बोस, कलकत्त्यात जन्मून पुढे जनरल इलेक्ट्रिक आणि टेनेसी विद्यापीठ येथे आयुष्य घालविलेले, यांस तो २००५ मध्ये लाभला. २००१ साली जपानचे हिरोफुमी आकागी यांचा सन्मान झाला. त्रिकला मंडलातील शक्तीचा हिशेब पुऱ्या आवर्तनाची वाट न पाहता क्षणाक्षणाला कसा करावा हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सांगितले होते. आणि २०१४ चे मानकरी डेन्मार्कचे फ्रेडे ब्लाबियर्ग, ज्यांचे नाव पवनचक्क्यांशी निगडित आहे. वारा लहरी, जाळ्यास मात्र घड्याळाप्रमाणे ५० आवर्तने हवीत, या दोघांचे पटवून देणारा मध्यस्थ म्हणजे ही विद्या.

पण १९९१ चे नाव मला विशेष वाटते, आणि त्याचे कारण ते भारतीय आहे एवढेच नव्हे. जयंत बालिगा यांचा जन्म १९४८ साली मद्रासचा. बंगलोरला वाढलेले, मद्रासच्या आयआयटीतून १९६९ मध्ये बाहेर पडलेले आणि १९७४ पासून जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील संशोधनशाळेत रुजू झालेले. त्या काळच्या खिट्यांपैकी दोन जाती येथे महत्त्वाच्या, आणि दोन्हींत एकेक खोड होती. थायरिस्टर मोठा प्रवाह पेलतो, पण एकदा उघडला की हुकमाने मिटत नाही. प्रवाह आपण होऊन आटेपर्यंत त्याची मनधरणी करावी लागते. मॉसफेट हुकमाचा ताबेदार, नुसत्या दाबाच्या इशाऱ्याने उघडतो-मिटतो, पण मोठ्या व्होल्टेजास बनविला की उघड्या स्थितीतही अडून बसतो. बालिगा यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दोघांची सोयरीक जमविली. दारावर मॉसफेटचा पहारेकरी आणि आत दोन्ही जातींच्या विद्युत्‌भारांची वर्दळ. या संकरित खिटीलाच आयजीबीटी म्हणतात. थायरिस्टराची जी खोड, उघडल्यावर अडकून बसण्याची, ती या संकरित अपत्यात येऊ न देणे हेच खरे कौशल्याचे काम होते. कारण थरांची रचना तशी की ती खोड रक्तातच होती. आज विजेच्या मोटारगाड्या, आगगाड्या, वेग बदलणारे पंप, घरची वातानुकूलने, रुग्णवाहिकेत हृदयास धक्का देणारे यंत्र, या सर्वांत ती खिटी आहे.

मुंबईच्या माणसास तर ती ऐकू येते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि तोच दाब उपनगरी मार्गांवर जवळजवळ नव्वद वर्षे टिकला. २५ किलोव्होल्ट एसीकडे होणारे स्थलांतर २०१६ पर्यंत पुरे झाले. मधल्या काळात, २००७ च्या अखेरीपासून, ज्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलगाड्या आल्या, त्या दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या मोटारींस त्रिकला एसी पुरविण्याचे काम आयजीबीटीकडे होते. फलाट सोडताना गाडीच्या पोटातून एक सूर निघे, पायरीपायरीने चढत जाई, मध्येच पट्टी बदली आणि पुन्हा चढे. कित्येक प्रवाशांनी तो मोटारीचा आवाज समजून सोडून दिला असेल. मोटार त्यात थरथरते हे खरे, पण पट्टी ठरविते ती खिट्यांच्या उघडमिटीची गती, आणि वेग वाढला की नियंत्रक ती गती टप्प्याने बदलतो, म्हणून ते आरोह. ब्रेक लागतात तेव्हा हाच खेळ उलटा होतो. मोटारी जनित्रे बनतात आणि वीज तारेत परत जाते.

ती वीज येते कोठून, हे पाहू गेले तर वाट लांबची आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या बाजूने ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची, १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून उभी आहे. विदर्भातून निघून सबंध महाराष्ट्र ओलांडणारी, आणि वाटेत एकाही गावास थेंबभर वीज न देणारी, कारण डीसीच्या या महामार्गास मधली स्थानके नसतात. चंद्रपूरला कोळसा जळतो आणि जनित्रातून एसी निघते. लगेच थायरिस्टरांच्या मनोऱ्यांत तिचे डीसी होते. पडघ्यास त्याचे पुन्हा एसी होऊन ती जाळ्यात मिसळते. तेथून भांडुपच्या एखाद्या बिऱ्हाडातील चार्जरात शिरल्यावर पुन्हा डीसी, पुन्हा वेगाने हेलकावणारे एसी, आणि पुन्हा ५ व्होल्टचे डीसी. एवढी सहा सोंगे घेऊन ती रात्री उशाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये जाऊन बसते. पहाटे त्याची घंटी वाजते, आणि गावाकडून आलेला आवाज कानी पडण्यापूर्वी ज्या चाळणीतून गाळला जातो, त्या चाळणीच्या चकतीखाली कदाचित १९६५ सालच्या त्या निबंधातले थर असतात.